दुसऱ्या कॅमेऱ्याचं लग्न

वाळूवर एकसष्ट खुर्च्या होत्या. अठ्ठावन्न उघडलेल्या आणि तीन मिटलेल्या, कारण त्या तिन्हींचे पाय गंजले होते. चार बांबू, त्यांवर ताणलेलं पांढरं कापड, त्याखाली एक टेबल, टेबलावर नोंदवही आणि ती वाऱ्याने उघडू नये म्हणून तिच्यावर ठेवलेले दोन गोटे. कॅमेरे सहा, लेन्स अकरा, ट्रायपॉड दोन. टेबलाच्या पुढच्या पायापासून पाण्यापर्यंतचं अंतर अकरा मीटर चाळीस सेंटिमीटर. वेळ चार वाजून चाळीस मिनिटं.

पट्टीने हे सगळं वहीत लिहिलं आणि टेप गुंडाळली. पाचव्या वर्षी तिने स्वतःच्या वाढदिवसाचा केक फूटपट्टी लावून कापला होता, तेव्हापासून घरात तिला हेच नाव पडलं. आता तिच्याकडे पदार्थविज्ञानाची पदवी होती, पण नाव काही बदललं नव्हतं.

"मोजून झालं असेल तर ते टेबल धर एका बाजूने," दादा म्हणाला. "अजून हातभर खाली घेऊ."

दादा म्हणजे तिचा बाप. घरच्या फोटो स्टुडिओत सगळे त्याला दादा म्हणत, म्हणून तीही म्हणे.

"आणखी खाली? आधीच पाण्याकडे सरकलंय."

"ओल्या वाळूतून उजेड वर येतो. हनुवटीखालची सावली जाते. बावन्न वर्षांच्या नवरीला तो उजेड लागतो."

"हे आत्याला ऐकू जाऊ दे, मग टेबलाऐवजी तुम्हीच पाण्यात."

तेवढ्यात नवरामुलगा आला. मुलगा म्हणायचं ते रीत म्हणून, वय पंचावन्न. पांढरा सदरा, घोट्यापर्यंत दुमडलेली पँट आणि हातात बूट. बंदरात पाण्याची पातळी मोजणाऱ्या यंत्रावर नोंदी ठेवायचं त्यांचं काम, म्हणून सगळं घर त्यांना भरतीवाले म्हणे. बारा वर्षं आत्या प्रत्येक लग्नाच्या सकाळी बंदराच्या कार्यालयात फोन करून भरतीची वेळ विचारत होती आणि बारा वर्षं हे सांगत होते. मग एका रविवारी, ज्या दिवशी स्टुडिओकडे एकही लग्न नव्हतं, त्या दिवशीही तिचा फोन गेला. पुढचं सगळ्यांना माहीत होतं.

"दादा, एक सांगू का?"

"सांगा."

"सहा वाजून तीन मिनिटांनी पाणी या टेबलाखाली असेल."

"तुमचं आज लग्न आहे ना? मग सुट्टी घ्या की."

"घेतली आहे. पाण्याने घेतलेली नाही."

पट्टी हसली. दादा हसला नाही. त्याने वाळूत टाच रोवली आणि म्हणाला, "मी एकतीस वर्षं समुद्रावर लग्नांचे फोटो काढतोय."

"हो. आणि त्यातली बारा वर्षं वेळ मीच सांगत आलोय," भरतीवाले इतक्या मऊ आवाजात म्हणाले की भांडायला काही जागाच उरली नाही. टेबल जिथे होतं तिथेच राहिलं. हातभर खालीही गेलं नाही आणि इंचभर वरही आलं नाही.

*

व्हॅनचं मागचं दार लावून वहिनी आत्याच्या केसांत पिना खोचत होती. वहिनी म्हणजे दादाची बायको, पट्टीची आई. चोवीस वर्षं ती परक्यांच्या लग्नाच्या फोटोंतले मुरूम, घामाचे डाग आणि नको असलेले पाहुणे पुसत आली होती. त्यामुळे कुठल्याही चेहऱ्याकडे बघताना काय काढता येईल याचाच विचार तिच्या मनात आधी येई. आज आत्याच्या चेहऱ्यावरचं काहीही काढावंसं तिला वाटेना.

"मान सरळ. आणि मांडीवर काय आहे ते?"

"काही नाही."

"वन्सं, रुमालाखाली लेन्स आहे. मला दिसतेय."

"पुसत होते नुसती. हाताला सवय."

"आणा इकडे." वहिनीने लेन्स काढून घेतली आणि खोक्यात ठेवून त्यावरच बसली. "आज तुम्ही नवरी आहात. नवरीने लेन्स पुसायची नसते, नाक पुसायचं असतं."

आत्या हसली. मग म्हणाली, "तो काही बोलला?"

"कोण, तुमचा भाऊ? तीन आठवड्यांत माझ्याशी बोललेली वाक्यं सांगू? 'चार्जर कुठाय' आणि 'हा चहा कालचा आहे का'."

"फोटोचं काय म्हणाला?"

खरं दुखणं तिथे होतं. स्टुडिओच्या भिंतीवर घरातल्या सगळ्यांचे चार फोटो टांगलेले होते, चारही याच किनाऱ्यावर काढलेले. दादा-वहिनीच्या लग्नाचा, पट्टीच्या पहिल्या वाढदिवसाचा, आईच्या, म्हणजे आत्याच्या आईच्या, शेवटच्या उन्हाळ्यातला, आणि तिच्या वडिलांच्या, आप्पांच्या, पंच्याहत्तरीचा. चारही आत्याने काढले होते, त्यामुळे चारांत कुठेही आत्या नव्हती. एकात वाळूवर तिची सावली होती, ती पण कमरेपर्यंतच. लग्न ठरलं तेव्हा तिने घराकडे एकच भेट मागितली होती: एक फोटो, सगळ्यांचा. "सगळ्यांचा म्हणजे सगळ्यांचा. कॅमेऱ्यामागे घरातलं कुणी नको." सोमवारी ती नवऱ्याच्या नव्या बदलीच्या बंदरावर जाणार होती, गाडीने सहा तासांवर. त्यानंतर सगळे एका रांगेत कधी उभे राहतील ते कुणी सांगावं? आप्पा एक्याऐंशीचे होते.

"म्हणाला, मी काढीन की," वहिनीने सांगितलं.

"म्हणजे तो नसणार त्यात."

"म्हणाला, मी नसलो तर काय बिघडतं."

आत्याने आरशातून वहिनीकडे पाहिलं. "बिघडतं," ती म्हणाली. "बाकीचे नसले तरी एक वेळ चालेल गं. हे त्याला सांगू नकोस."

वहिनीच्या हातातली पीन तशीच राहिली. पंधरा मिनिटांनी ती खाली उतरली ती थेट दादाकडे गेली आणि तिने शब्द न शब्द सांगून टाकला.

*

व्हॅनच्या सावलीत पंचायत बसली. आप्पा खुर्चीवर, बाकीचे उभे.

"बाहेरच्या माणसाच्या हातात कॅमेरा देणार नाही," दादा म्हणाला. "आपल्या घरच्या लग्नात तर नाहीच."

"मग टायमर लावा," पट्टी म्हणाली. "दहा सेकंदांचा. ट्रायपॉड आहेत दोन."

"टायमर! लोक दहापासून उलटे आकडे मोजतात मनात. चेहऱ्यावर आकडे दिसतात. फोटोत माणूस असायला हवा, रॉकेट सोडल्यासारखं तोंड नको."

"बरोबर आहे," आप्पा म्हणाले. "फोटोग्राफरची जागा कॅमेऱ्यामागे. मी माझ्या स्वतःच्या लग्नात स्वतः—"

"आप्पा, तुमच्या लग्नात फोटोच काढला नव्हता. तुम्ही रोल घालायला विसरला होता," वहिनी म्हणाली.

आप्पांनी यावर विचार केला. "मग पोरीचं बरोबर आहे," ते म्हणाले. "टायमर लावा."

"आत्ता तर म्हणालात—"

"आत्ता ऊन डोळ्यांवर होतं."

आप्पांचं मत फिरल्यामुळे दादा एकटा पडला. तो कॅमेऱ्याचा पट्टा मनगटाला उगाच गुंडाळत राहिला. गेल्या हिवाळ्यात आत्याने स्टुडिओच्या पाटीवर आपलं नाव घालायला सांगितलं होतं, तेव्हाही तो असाच पट्टा गुंडाळत होता आणि शेवटी म्हणाला होता की पाटीचा रंग अजून चांगला आहे. स्टुडिओतल्या फळ्यावर या लग्नाची नोंदही त्याने इतर कामांसारखीच केली होती: 'शनिवार. समुद्र. जोडपं १. कॅमेरे २.' दुसरा कॅमेरा म्हणजे आत्या, म्हणून वहिनीने दोनाचा एक केला. दुसऱ्या दिवशी परत दोन झाले होते.

"तुम्हाला तिथे मागे बरं वाटतं," वहिनी हळूच म्हणाली, "कारण मागे उभ्या असलेल्या माणसाचा चेहरा कुणाला दिसत नाही."

"मला काम आहे," दादा म्हणाला आणि निघून गेला.

"गेला," आप्पा म्हणाले. "लहानपणीही असाच जायचा. मग भूक लागली की यायचा."

*

पाच वाजून बावन्न मिनिटांनी दादाने पाहिलं ते असं: नोंदणी कार्यालयातल्या बाई टेबलाच्या पलीकडे, चष्मा नाकाच्या टोकावर. भरतीवाल्यांची सही झालेली. आत्या पेन हातात घेऊन वाकलेली. मागे समुद्र, आणि सूर्य कापडाच्या कडेला टेकलेला.

उजेड तो म्हणाला होता तसाच होता. ओल्या वाळूतून वर येत होता आणि आत्याच्या हनुवटीखाली सावलीचा मागमूस नव्हता. ती तीस वर्षांची दिसत नव्हती, बावन्नचीच दिसत होती, आणि बावन्न इतकं छान दिसतं हे त्याला ठाऊक नव्हतं. पण सूर्य कडेला आल्यामुळे उजवा गाल जळत होता, नुसता पांढरा दिसत होता. हा क्षण डावीकडून घ्यायला हवा, त्याच्या मनात आलं. उजेडाला पाठ देऊन, खाली बसून.

त्याने डावा हात उचलला आणि दोन बोटं डावीकडे झुकवली.

ही खूण एकतीस वर्षं जुनी होती. तिचा अर्थ: तू डावीकडे जा, खाली बस, कडेचा उजेड घे. हजार-बाराशे लग्नांत ही खूण झाली होती आणि एकदाही आत्याला उशीर झाला नव्हता.

आजही झाला नाही. आत्याने नजरेच्या कोपऱ्यातून दोन बोटं पाहिली. आडनावाची दोन अक्षरं झाली होती, तिसरं अर्धं होतं. ती उठली, टेबलाला वळसा घालून चार मीटर डावीकडे गेली, ओल्या वाळूत गुडघा टेकला आणि हातातलं पेन डोळ्याला लावलं.

अठ्ठावन्न खुर्च्यांवरच्या माना डावीकडे वळल्या.

"नवरी कुठे गेली?" नोंदणीवाल्या बाईंनी चष्म्यावरून विचारलं.

"कामाला," आप्पा म्हणाले.

मग जो हशा उठला तो समुद्राच्या आवाजावरूनही ऐकू आला. वहिनी पट्टीच्या खांद्यावर डोकं टेकून हसत होती. भरतीवाले टेबलापाशी शांत बसून होते, बाईंना म्हणाले, "थांबतो मी. ती येते. फोन लागत नसला तरी पाच मिनिटांनी यायचाच तिचा."

दादाचा उजवा डोळा अजून कॅमेऱ्याला होता, डावा सवयीने मिटलेला. चौकटीत टेबल होतं, बाई होत्या, नवरा होता आणि मध्ये एक रिकामी खुर्ची. तो तिच्याकडे बघत राहिला. बटण दाबावं की नाही ते त्याला कळेना. फोकस तर नेमका होता.

आत्याने पेन खाली घेतलं. आपण काय केलं ते तिला एकदम समजलं, ती आधी लाल झाली, मग हसली, आणि तिथूनच ओरडली, "दादा! मी इथे, तू तिथे. लग्न कुणाचं काढतोयस?"

दादाने कॅमेरा डोळ्यावरून काढला. ओल्या वाळूतून, बूट न काढता, तो तिच्यापर्यंत गेला आणि तिला उठवायला हात दिला.

"साडी भिजली," तो म्हणाला.

"हो."

"सोमवारपासून डावीकडे कोण जाणार?"

"पट्टी आहे की."

"ती मोजत बसते."

"मग मोजलेलं ऐकत जा. माझंही कधी ऐकलं नाहीस. पाटीचं ऐकलंस?"

"रंग..." दादाने सुरुवात केली आणि सोडून दिलं. मग तो म्हणाला, "मी रांगेत उभा राहिलो तर माझं तोंड कसं होईल मला माहीत नाही. खराब होईल. तुझ्या फोटोत रडकं तोंड कशाला?"

"वहिनी पुसेल ना."

"मी काही पुसणार नाही!" वहिनी टेबलापासून ओरडली. वारा तिकडून इकडे नाही, इकडून तिकडे होता, हे दोघांनाही आत्ता लक्षात आलं.

"अहो," भरतीवाले खुर्चीवरूनच म्हणाले, "सहा मिनिटं उरली आहेत."

*

आत्या परत जाऊन बसली आणि तिने तिसरं अक्षर पुरं केलं. बाईंनी शिक्का मारला, टाळ्या झाल्या, आणि टाळ्या संपायच्या आत दादा कॅमेरा घेऊन बाईंसमोर उभा होता.

"तुम्ही काढा," तो म्हणाला.

"मी? मला फोनवर माझा स्वतःचा अंगठा सोडून काही काढता येत नाही."

"म्हणूनच. तुम्ही बाहेरच्याही नाही, घरच्याही नाही. शिक्का तुमचाच आहे."

त्याने पट्टा बाईंच्या गळ्यात घातला. मग आप्पांना खुर्चीत बसवून सहाही जण पाण्याकडे पाठ करून रांगेत आले, आणि चार फोटोग्राफर एकदम बोलायला लागले.

"कोपर अंगाला लावा."

"श्वास सोडून दाबा."

"दाबू नका, हलकेच पिळा."

"क्षितिज बघा, क्षितिज आडवं हवं."

"मागे एक कुत्रा आला आहे, तो जाऊ दे."

"कुत्रा राहू दे," आप्पा म्हणाले. "कुत्रा चांगला आहे."

दादाला मात्र स्वतःचे पाय कुठे ठेवावेत ते समजेना. हजारो माणसांना त्याने कुठे उभं राहायचं ते सांगितलं होतं. "मी कुठे थांबू?" त्याने विचारलं.

"माझ्याशेजारी," आत्या म्हणाली. "दोन पावलं इकडे. हनुवटी खाली. पोट आत."

"हाताचं काय करू?"

"लोक तुला हे विचारतात तेव्हा तू काय सांगतोस?"

"सहज ठेवा."

"मग ठेव सहज."

"सहज कसा ठेवतात?" दादाने अगदी मनापासून विचारलं. आत्याने त्याचा हात उचलून स्वतःच्या खांद्यावर ठेवला.

पट्टीच्या टाचांना गार लागलं. तिने खाली पाहिलं, मग घड्याळात. सहा वाजून तीन. टेबलाचा पुढचा पाय पाण्यात होता आणि पहिल्या रांगेतल्या पाहुण्यांनी आपापल्या चपला हातात घेतल्या होत्या. भरतीवाल्यांनी फक्त एकदा दादाकडे पाहिलं. दादा म्हणाला, "कळलं हो."

"बाई, डोळा जवळ न्या," वहिनी म्हणाली.

"अर्धं बटण दाबा, मग पूर्ण," पट्टी म्हणाली.

"उजेड चाललाय," दादा म्हणाला. "आणि जरा डावीकडे—"

"हे बघा," बाईंनी कॅमेरा खाली घेतला. "मी आठवड्याला तीस लग्नं लावते. तिथे सगळे दोन मिनिटांत गप्प बसतात. आता कुणीही एक अक्षर बोलायचं नाही. माझ्याकडे बघा."

सहाही जणांनी बघितलं. मागून एक लाट आली, घोट्यांवर चढली आणि आप्पांनी खुर्चीसकट दचकून वहिनीचा दंड धरला. बटण वाजलं. मग आणखी दोनदा वाजलं, कारण बाईंना बोट काढायचं सुचलं नाही.

पाण्याबाहेर आल्यावर पहिल्यांदा सगळ्यांनी मिळून टेबल उचललं, मग नोंदवही, मग आप्पांना. आत्याने कॅमेरा मागितला नाही. ती नवऱ्याशेजारी वाळूवर बसून पायांतली वाळू झटकत राहिली आणि म्हणाली, "पट्टी, तू बघ. मला नुसतं सांग."

दादा उभा होता. त्यालाही बघायचं नव्हतं, किंवा बघायचं होतं आणि पुढे यायचं नव्हतं.

पट्टीने पडद्यावर हाताची सावली धरली आणि क्रमाने वाचून दाखवलं. बाईंनी काढलेल्या फ्रेम तीन. पहिलीत बाईंचा अंगठा. दुसरीत कुत्रा आणि आप्पांचा उजवा कान. तिसरी, सहा वाजून चार मिनिटं, क्षितिज डावीकडे दोन अंश कललेलं, पाणी घोट्यावर साधारण नऊ सेंटिमीटर. माणसं सहा. उघडे डोळे अकरा. मिटलेला एक, दादाचा, डावा.